घरातल्या घरात अडलेली फाईल

मुकुंदवाडी हा छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडील गजबजलेला परिसर. जवळून जालना रस्ता जातो, मनमाडहून जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील छोटे स्थानक येथे आहे आणि पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. अशा वस्तीत खाली दुकान अथवा कार्यालय आणि वर बिऱ्हाड ही घराची रचना सोयीची ठरते. पूर्वी अशा घरात कीर्द, खतावणी आणि पावत्यांचे गठ्ठे जिन्यावरून वर-खाली होत असत. आता तेच काम वाय-फायच्या लहरींवरून होते, आणि जोवर ते सुरळीत चालते तोवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. खालच्या खोलीत लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम चालते. तेथील संगणकावर ‘ग्राहक’ नावाचे एक फोल्डर आहे. त्यात अनेक वर्षांची खाती, बिले, पॅन आणि आधारच्या प्रती आहेत. वरच्या मजल्यावर सूनबाई आपल्या लॅपटॉपवरून तेच फोल्डर उघडून काम करतात. महिन्याची १९ तारीख आहे. दुपारी वीज जाते, तासाभराने येते. राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. इंटरनेट चालू झालेले दिसते, मात्र वरून हाक येते, “बाबा, खालचं फोल्डर उघडतच नाहीये!”

पडद्यावर इंग्रजीत सूचना असते की नेटवर्कवरील वाट सापडली नाही. मासिक ३-बी विवरणपत्राची मुदत सर्वसाधारणपणे पुढील महिन्याच्या २० तारखेस संपते. उशीर झाल्यास दररोज ५० रुपये, विवरणपत्र निरंक असल्यास २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. म्हणजे हाती एक दिवस उरलेला असतो आणि फाईल मात्र पंधरा पायऱ्या खाली अडकून पडलेली असते.

अशा वेळी फोनवरून सल्ले येऊ लागतात. “फायरवॉल बंद करून टाका.” “फोल्डरला एव्हरीवन, फुल कंट्रोल द्या.” “पासवर्डच काढून टाका, भानगडच नको.” “जुनी एसएमबी-वन पद्धत चालू करा, हमखास चालेल.” कोणी सुचवतो, “पेन ड्राइव्हनं वर आणा ना!” यांतील प्रत्येक सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, आणि एखाद्याने काम होतेही. परंतु किल्ली सापडत नाही म्हणून घराची सगळी दारे बिजागरीतून काढून ठेवण्यासारखा तो उपाय आहे. काम झाल्यावर दारे परत बसवायची आठवण फार थोड्यांना राहते.

वाट, ओळख आणि अधिकार

या बिघाडाची उकल करायची तर प्रथम फाईल एका संगणकातून दुसऱ्यात कशी जाते, हे समजून घ्यावे लागते. विंडोज संगणकांत ही देवाणघेवाण एसएमबी नावाच्या ठरलेल्या भाषेत चालते. १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली आणि वाढवली. १९९२ मध्ये आलेल्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे छोट्या कार्यालयांतील संगणक परस्परांना सहज जोडले जाऊ लागले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने विंडोजेतर संगणकांना हीच भाषा बोलता यावी म्हणून एक प्रणाली तयार केली. तिला नाव देताना एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्याने शब्दसूचीत शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हे नाव मिळाले. ही प्रणाली आजही जगभर वापरात आहे.

भाषा कोणतीही असो, फाईल मिळेपर्यंत तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ज्यांनी बँकेच्या काउंटरवर व्यवहार केला आहे त्यांना ते अपरिचित वाटणार नाहीत. पहिला प्रश्न वाटेचा: ग्राहक शाखेपर्यंत पोहोचला का? दुसरा ओळखीचा: स्वाक्षरी जुळते का? तिसरा अधिकाराचा: या खात्यातून रक्कम काढण्याचा हक्क त्याला आहे का? शाखेचा पत्ताच चुकला असेल तर स्वाक्षरी कितीही वळणदार केली तरी उपयोग नाही. आणि स्वाक्षरी जुळत नसेल तर शाखेत पुन्हा पुन्हा चकरा मारून काही साधत नाही.

दिलासा हा की तिन्ही ठिकाणच्या सूचना बहुधा वेगवेगळ्या असतात. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ अशी ओळ आणि सोबत ३५ने संपणारा लांबलचक सांकेतिक क्रमांक दिसला, तर अडचण वाटेची आहे. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट वारंवार येत असेल, तर वाट मोकळी आहे, अडचण ओळखीची आहे. ‘परवानगी नाही’ अथवा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असे आले, तर ओळखही पटली आहे आणि केवळ अधिकाराचा प्रश्न उरला आहे. म्हणून घाईने ‘ओके’ दाबून सूचना घालवण्यापूर्वी ती शब्दशः कागदावर उतरवून घ्यावी. निम्मे निदान त्या कागदावरच होते.

जुन्या काळी तेरीज जुळेना म्हणजे अनुभवी कारकून सगळ्या वह्या नव्याने लिहायला घेत नसे. तो आधी फरकाची रक्कम पाहत असे. फरकास नऊने निःशेष भाग जात असेल तर ५४ऐवजी ४५ असे अंक उलटे पडले असण्याचा संभव. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या खात्यात आढळली तर ती नोंद चुकीच्या बाजूस गेल्याचा संशय. फरकच चुकीकडे बोट दाखवतो, हे त्याला ठाऊक असे. संगणकाच्या बाबतीत ते काम पडद्यावरची सूचना करते.

पहिला टप्पा: वाट

मुकुंदवाडीच्या या घरातील सूचना वाटेची होती. तेव्हा प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. खालचा संगणक चालू आहे का? तो झोपेच्या अवस्थेत गेला असल्यास वरून त्याचे फोल्डर बहुधा उघडत नाही. म्हणून ज्या संगणकातून इतरांनी फाईल घ्यायच्या, त्याची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद ठेवणे बरे. दोन्ही संगणक एकाच राउटरशी जोडलेले आहेत का? पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले ‘गेस्ट’ वाय-फाय इंटरनेट देते, पण सहसा घरातील इतर यंत्रांना भेटू देत नाही. लॅपटॉप चुकून त्याच्याशी जोडला गेला असेल तर सर्व काही ठीक दिसूनही फोल्डर मिळत नाही. कार्यालयीन कामासाठी व्हीपीएन चालू असेल तर तेही काही वेळ बंद करून पाहावे; त्यामुळे घरातील वाट अडू शकते.

त्यानंतर दोन्ही यंत्रांचे पत्ते पाहावेत. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की १९२.१६८.१.५ अशा स्वरूपाचा पत्ता दिसतो. सामान्यतः घरातील सर्व यंत्रांच्या पत्त्यांतील पहिले तीन आकडे सारखे असतात. खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.० असे दिसले, तर सिमेंटच्या स्लॅबमुळे वर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून बसवलेला दुसरा राउटर आपले स्वतंत्र जाळे चालवीत आहे, असे समजावे. त्या दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवले की दोन्ही मजले पुन्हा एका जाळ्यात येतात.

या घरात पहिले तीन आकडे जुळत होते. शेवटचा मात्र बदललेला होता. वरच्या लॅपटॉपवर पूर्वी कोणीतरी करून ठेवलेला शॉर्टकट ‘५’ क्रमांकाच्या पत्त्यावर जात होता. वीज येऊन राउटर सुरू झाल्यावर त्याने खालच्या संगणकाला ‘८’ क्रमांक दिला होता. राउटर हे पत्ते कायमचे देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो, आणि तो बंद पडून सुरू झाला की वाटप नव्याने होऊ शकते. भाडेकरू खोली बदलून गेला आणि पत्र जुन्याच खोलीच्या दारात पडून राहिले, तसा हा प्रकार. दोष कोणाचाच नव्हता.

यावरील उपाय दोन. शॉर्टकट आकड्यांऐवजी संगणकाच्या नावाने करावा, म्हणजे फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे त्या संगणकाचे नाव लिहावे. नावाने उघडत नसेल आणि आकड्यांनी उघडत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ ही सोय शोधून खालच्या संगणकासाठी एक पत्ता कायम राखून ठेवावा. मग वीज कितीदा गेली तरी तो बदलत नाही.

पत्ते ठीक असूनही वाट सापडत नसेल, तर विंडोजने या जाळ्यास काय मानले आहे ते पाहावे. नवे जाळे विंडोज सहसा ‘पब्लिक’ गृहीत धरते, म्हणजे रेल्वे स्थानकावरील वाय-फायसारखे परके, आणि फायली वाटण्याची दारे बंद ठेवते. राउटर बदलला, अथवा नव्याने बसवला, की जुन्या विश्वासाच्या घराचेही ‘नवे जाळे’ होते. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन पर्याय प्रायव्हेट जाळ्यासाठी चालू करावेत. एवढे केले की आवश्यक तेवढीच खिडकी फायरवॉल स्वतः उघडते. ती संपूर्ण बंद करण्याचे कारण उरत नाही. मायक्रोसॉफ्टव्यतिरिक्त दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिच्यातही घरचे जाळे विश्वासाचे म्हणून नोंदवावे लागते.

येथे दोन गैरसमज दूर करणे इष्ट. पहिला असा की ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक दिसला नाही म्हणजे वाट नाही. यादी तयार करणारी सेवा आणि फायली देणारी सेवा या वेगळ्या आहेत. यादीत नाव नसतानाही थेट नाव लिहिल्यास फोल्डर उघडू शकते. दुसरा ‘पिंग’ या आज्ञेविषयीचा. पिंगला उत्तर आले तर संगणक पोहोचण्याजोगा आहे हे नक्की. उत्तर आले नाही तर मात्र निष्कर्षाची घाई करू नये, कारण फायरवॉल केवळ पिंगला मौन बाळगायला लावू शकते.

दुसरा टप्पा: ओळख

सूनबाईंनी नावाने फोल्डर उघडून पाहिले आणि पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट आली. आजोबा म्हणाले, “म्हणजे अजून बिघाड गेला नाही!” वस्तुतः ही प्रगती होती. सूचना बदलली, याचा अर्थ पहिले दार उघडले. पूर्वीचा पासवर्ड विंडोजने जतन केला होता, परंतु तो जुन्या पत्त्याच्या नावे. नव्या नावाने गेल्यावर त्याने ओळख पुन्हा मागितली. अनेकदा माणसे येथेच निराश होतात, कारण एक अडचण दूर होऊन तिच्यामागची दुसरी समोर आली आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता कोणता पासवर्ड द्यायचा? मुलगा रोज खालचा संगणक चार आकडी पिनने उघडतो. तोच पिन सूनबाईंनी टाकला आणि नकार आला. या ठिकाणी असंख्य घरे अडतात. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. त्या यंत्रासमोर बसलेल्यालाच तो उपयोगी पडतो. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर त्या खात्याचा, स्थानिक खाते असेल तर त्याचा. वर्षानुवर्षे पिन वापरल्याने तो पासवर्ड कोणालाच आठवत नाही. आणि खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज मूळ रचनेनुसार अशा खात्याने जाळ्यावरून प्रवेश देतच नाही. म्हणून ‘पासवर्ड काढून टाका’ हा सल्ला धोक्याचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

यावर स्वच्छ उपाय असा. खालच्या संगणकावर केवळ या कामासाठी एक स्वतंत्र स्थानिक खाते उघडावे, त्याला ‘हिशेब’ असे काही नाव द्यावे आणि चांगला लांब पासवर्ड ठेवावा. वरच्या लॅपटॉपवर चौकट आली की संगणकाचे नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि खात्याचे नाव लिहून तो पासवर्ड द्यावा व जतन करण्याच्या पर्यायावर खूण करावी. जुना चुकीचा पासवर्ड साठून राहिला असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो पुसावा. या व्यवस्थेत मुलाच्या खासगी खात्याचा पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही, आणि पुढे मदतनीस काम सोडून गेला तर तेवढ्या एका खात्याचा पासवर्ड बदलला की पुरते.

तिसरा टप्पा: अधिकार

नवे खाते उघडले, ओळख पटली, आणि तिसरी सूचना आली: परवानगी नाही. हेही अपेक्षितच होते. नव्या खात्याला फोल्डरवर अद्याप कोणी हक्क दिलेला नव्हता. विंडोजमध्ये हा हक्क दोन ठिकाणी नोंदवावा लागतो. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ अशी दोन पाने असतात. पहिले जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी, दुसरे डिस्कवरील फाईलसाठी. बँकेचा लॉकर जसा बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्या लागल्यावरच उघडतो, तशी येथे दोन्ही पानांची संमती लागते. एका पानावर लिहिण्याचा हक्क आणि दुसऱ्यावर केवळ वाचण्याचा असेल, तर वाचणेच शक्य होते. दोहोंपैकी अधिक कडक नियम चालतो. बहुतेक घरांत पहिल्या पानावर भरपूर सवलत दिलेली असते आणि दुसरे पान कोणी उघडलेलेच नसते.

‘हिशेब’ या खात्यास दोन्ही ठिकाणी बदल करण्याचा हक्क दिला आणि ‘ग्राहक’ फोल्डर उघडले. पेन ड्राइव्हचा सल्ला मानला असता तर काम तात्पुरते निभावले असते. पण एकाच खात्याच्या दोन प्रती दोन मजल्यांवर वाढू लागल्या असत्या. वरच्या प्रतीत एक नोंद, खालच्या प्रतीत दुसरी, आणि महिनाअखेरीस खरी कोणती हे सांगणारा कोणी नाही. एकाच दिवसाच्या दोन कीर्दी असू नयेत हा नियम कागदाच्या काळातला असला तरी त्याची सक्ती अजून संपलेली नाही.

काही वेळा या तिन्ही टप्प्यांत चूक नसूनही फोल्डर अडते, विशेषतः राउटरला जोडलेली हार्ड डिस्क किंवा जुने साठवण-यंत्र असेल तर. विंडोजने गेल्या काही वर्षांत नियम कडक केले आहेत. २०१७च्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या प्रतींत जुनी एसएमबी-वन पद्धत मुळात बसवलेलीच नसते. २०१८ मध्ये ‘होमग्रुप’ ही सोय काढून टाकण्यात आली. २०२४ मधील विंडोज ११च्या मोठ्या सुधारणेनंतर प्रो आवृत्तीत ओळख न देता ‘पाहुणा’ म्हणून येणाऱ्या जोडण्या नाकारल्या जातात. तेव्हा येणाऱ्या सूचनेत ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ असे शब्द असतात आणि घरगुती वापरणारा ‘आमची कसली संस्था?’ म्हणून चक्रावतो. उत्तर तेच: साठवण-यंत्रावर नाव आणि पासवर्ड असलेले खाते तयार करावे, त्याची प्रणाली अद्ययावत करावी, आणि ते शक्य नसेल इतके जुने असेल तर ते बदलावे. विंडोजलाच मागे ओढून जुनी पद्धत चालू करू नये.

बंदरावर आलेले संकट

जुन्या पद्धतीविषयी एवढा आग्रह का, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळाले आहे. एसएमबी-वन या पद्धतीत एक गंभीर उणीव होती. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरील दुरुस्ती प्रसृत केली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू कोसळला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. कोणी काही उघडण्याची वा दाबण्याची गरज नव्हती. फाईल वाटण्याच्या उघड्या दारातून तो एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःच जात होता.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा त्याहून विध्वंसक हल्ला झाला. त्याचा उगम हिशेबाशी निगडित होता. युक्रेनमध्ये कर आणि हिशेबांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदराचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. हजारो मैलांवरच्या एका हिशेबी सॉफ्टवेअरमधील बिघाडाने उरणजवळचे टर्मिनल अडवले. मर्स्कला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागल्याचे तिच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला.

या हल्ल्याचा आणखी एक धडा घरगुती वापरणाऱ्याने लक्षात ठेवावा. नॉटपेट्या केवळ त्या जुन्या उणिवेवर अवलंबून नव्हता. एका यंत्रात सापडलेले नाव आणि पासवर्ड वापरून तो दुसऱ्या, दुरुस्ती बसवलेल्या यंत्रातही शिरत होता. म्हणजे ज्या खात्याला सर्वत्र पूर्ण अधिकार, ते खाते हाती लागले की सर्वत्र विध्वंस. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ या सल्ल्याचे खरे मोल येथे कळते. सूनबाईंच्या लॅपटॉपवर एखाद्या बनावट ई-मेलमधून खंडणीखोर विषाणू आला, तर जे फोल्डर त्यांना लिहिण्यासाठी उघडे आहे ते सारे तो कुलूपबंद करू शकतो. म्हणून कुटुंबाची छायाचित्रे, जुन्या वर्षांचे बंद झालेले हिशेब हे केवळ वाचण्यासाठी खुले ठेवावेत. लिहिण्याचा हक्क चालू वर्षाच्या कामापुरता असावा. राउटरमधून ४४५ क्रमांकाचा मार्ग बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नये. आणि विंडोज १०चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेले असल्याने हिशेबाचा मुख्य संगणक तरी नव्या आवृत्तीवर न्यावा.

वेगळी ठेवलेली प्रत

मर्स्कच्या हकिकतीचा शेवट उद्बोधक आहे. कंपनीच्या साऱ्या जाळ्यात कोण कोणाला ओळखतो याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पसरलेले होते. ते एकमेकांशी सतत ताळमेळ राखत असल्याने एकाच वेळी सगळे नष्ट झाले. अखेर त्यांपैकी एकच शाबूत प्रत सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती आणि त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला होता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली.

मुकुंदवाडीच्या घरात वीज गेल्याने काम अडले. घानात वीज गेल्याने कंपनी वाचली. दोन्ही प्रसंगांतून घरासाठी मिळणारा बोध एकच आहे. जोडलेले जाळे सोयीचे असते, पण जे जोडलेले आहे ते एकत्र बुडूही शकते. म्हणून ‘ग्राहक’ फोल्डरची एक प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घ्यावी आणि घेऊन झाल्यावर डिस्कची तार काढून ती कपाटात ठेवावी. सदैव जोडून ठेवलेल्या डिस्कलाही विषाणू तितकाच सहज गाठतो. आठवड्यातला एक ठरलेला वार आणि पंधरा मिनिटे, एवढी शिस्त पुरेशी आहे. वर्षातून एकदोनदा त्या प्रतीतील एखादी फाईल प्रत्यक्ष उघडूनही पाहावी; न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

आपल्या घरात सायंकाळी काम पुन्हा सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी विवरणपत्र मुदतीत भरले गेले. आजोबांनी दिवाळीच्या वहीपूजनासाठी आणून ठेवलेली एक कोरी वही काढली आणि तिच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून घेतल्या: खालच्या संगणकाचे नाव आणि राखून ठेवलेला पत्ता, ‘हिशेब’ खात्याला कोणत्या फोल्डरवर कोणता हक्क, आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेस घेतली. पासवर्ड त्यात लिहिला नाही. तो बंद लिफाफ्यात दागिन्यांच्या कपाटात गेला.

“बाबा, आता हे कशाला लिहायचं? चालतंय की,” सूनबाई म्हणाल्या.

“चालतंय तेव्हाच लिहून ठेवायचं असतं, सूनबाई. अडल्यावर कोणाला आठवतं?”

वही राउटरशेजारच्या खणात ठेवली गेली. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा मदत मागण्यापूर्वी प्रथम तिचे पान उघडले जाईल, आणि सल्ल्यांच्या गर्दीत कुलपे तोडण्याची वेळ येणार नाही.